मूळ संख्येचा तोतया

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला खोडरबराचा चुरा वाढला होता. पूर्वी सासूबाईंचं काम आटोपलं की त्यांच्या कागदाच्या उजव्या कडेला जेमतेम चिमूटभर चुरा असे, आणि तोही बोटाने एका जागी गोळा केलेला. आता तो कागदावर, टेबलावर, चष्म्याच्या घरावर, त्यांच्या बाहीवर, सगळीकडे पसरलेला असे. शिवाय त्याचा रंग काळपट झाला होता. म्हणजे एकच जागा पुन्हा पुन्हा खोडलेली. सुनेच्या नजरेतून अशा गोष्टी सुटत नसत. सकाळच्या वेळात ती वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करायची. दुकानांचे, औषधवाल्यांचे, सोनारांचे तराजू तिथे तपासायला येत, आणि तराजू चुकायला लागण्याआधी त्याच्या वागण्यात असंच काहीतरी बारीकसं बदलतं, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

तिने फडक्याने चुरा पुसला आणि काही बोलली नाही. न बोलण्याची तिला एव्हाना सवय झाली होती.

दुपारनंतर दोघी या टेबलाशी समोरासमोर बसत आणि संख्यांच्या कोशाचं काम करत. शब्दांचा कोश असतो तसा हा संख्यांचा. दरवेळी प्रकाशकाकडून निवडक संख्यांची यादी यायची, आणि प्रत्येक संख्येची कुंडली, जात-पात, नातीगोती सगळं एका पानात बसवायचं असायचं. ती मूळ आहे की संयुक्त, म्हणजे एक आणि स्वतः सोडून तिला आणखी कशाने भाग जातो का. स्वतःला वगळून तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज केली तर ती कमी भरते, जास्त भरते की बरोबर तेवढीच येते. कमी भरली तर न्यून, जास्त भरली तर विपुल, नेमकी आली तर परिपूर्ण. एक सोडून कुठल्याच वर्गाने भाग जात नसेल तर वर्गमुक्त. दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते का, उलटी वाचली तर तीच राहते का, असं पुढे बरंच काही. एक कोटीपर्यंतचा पहिला खंड छापून झाला होता. शिक्षक तो घेत, परीक्षेला बसणारी मुलं घेत, आणि मोठी संख्या दिसली की ज्यांचे हात शिवशिवतात अशी काही मंडळी घेत. दुसरा खंड एक कोटीच्या वरचा होता.

काम मिळालं होतं ते सासूबाईंमुळे. त्या निवृत्त गणित शिक्षिका, आणि कोशाचा संपादक त्यांचा जुना विद्यार्थी. एका चाचणीत त्याला भोपळा मिळाला होता, तेव्हापासून बाई त्याला भोपळा म्हणत. आता तो टक्कल पडलेला, दोन माणसं हाताखाली असलेला संपादक होता, तरी फोनवर आधी त्याला "काय रे भोपळ्या" ऐकून घ्यावं लागायचं. त्यालाही ते आवडत असावं. नाही तर त्याने फोनऐवजी चिठ्ठ्या पाठवल्या असत्या.

टेबलाचा नियम सासूबाईंनी घालून दिलेला होता. सुनेने संगणकावर करायचं, त्यांनी स्वतः हाताने, फार तर साध्या गणनयंत्रावर. एकमेकींचं काम बघायचं नाही, वाटेत विचारायचं नाही. दोघींचं झालं की वाचन. सून गुणधर्माचं नाव घेणार, सासूबाई आपल्या कागदावरून "आहे" किंवा "नाही" एवढंच सांगणार. सुनेच्या कागदावर तेच असेल तर खूण करून पुढे जायचं. वेगळं असेल तर सुनेने "फरक" म्हणायचं. तुझं काय आलं, माझं काय आलं ही चर्चा बंद. दोघींनी कोरा कागद घेऊन तेवढं पहिल्यापासून करायचं.

"चर्चा केली की ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर छापलं जातं," सासूबाई म्हणत. "वर्गात मी तीस वर्षं बघितलंय. हुशार पोर चुकतं आणि बाकीची त्याच्यामागे रांगेने चुकतात."

सून या नियमावर खूश होती. तिच्या प्रयोगशाळेतही दोन माणसं वेगवेगळी नोंद घेत. घरात बाकी कशावर दोघींचं पटो न पटो, मिठापासून पडद्यांपर्यंत मतभेद असोत, पण टेबलाशी बसलं की त्या एका जातीच्या होत.

बिघाड लक्षात आला तो एका साध्यासुध्या संख्येवर. एक कोटी एकोणीस. एक कोटीच्या पुढची ही पहिली मूळ संख्या, म्हणून दुसऱ्या खंडात तिला मानाचं पान.

"मूळ?"

"आहे."

"विपुल?"

"आहे."

सुनेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मूळ संख्येला स्वतः सोडली तर एकच विभाजक उरतो, तो म्हणजे एक. तिच्याइतकी कंगाल संख्या दुसरी नाही. तिला विपुल म्हणायचं म्हणजे ज्याच्या खिशात दमडी नाही त्याला सावकार म्हणण्यासारखं. सासूबाईंनी बेरजेत ती संख्याच धरली होती. सातवीच्या मुलाने केली तर त्या ज्या चुकीवर लाल शाईने गोल काढत, तीच चूक.

"फरक," सून म्हणाली.

सासूबाईंनी कोरा कागद घेतला. पुन्हा वाचन झालं. "विपुल?" "आहे." फरक. तिसऱ्या वेळी त्या कागद घेऊन खिडकीजवळ जाऊन बसल्या, पाठ टेबलाकडे करून. बराच वेळ पेन्सिलीचा आवाज येत होता, मग खोडरबराचा, मग पेन्सिलीचा. शेवटी त्या परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "तूच सांग बाई. तुझं काय आलंय?"

हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. स्वतःचाच नियम मोडताना त्यांचा आवाज एखाद्या अनोळखी गावात रस्ता विचारतात तसा लागला. सुनेने उत्तर सांगितलं. "हो, हो, बरोबर," त्या म्हणाल्या, पण त्यांना ते समजलं होतं की नाही, हे काही कळलं नाही.

त्या दिवसापासून सुनेने "फरक" म्हणणं सोडलं. सासूबाई चुकीचं "आहे" म्हणाल्या तरी ती खूण करून पुढे जायची. मग संध्याकाळी त्या फिरायला गेल्या की बसून आपलंच काम दुसऱ्यांदा तपासायची. एका माणसाने दोनदा केलेलं काम म्हणजे दोन माणसांनी केलेलं काम नव्हे, हे तिला चांगलं माहीत होतं. प्रयोगशाळेत नव्या मुलींना तीच हे शिकवायची. पण पलीकडच्या बाजूने येणारा तो आवाज पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती. सांगायचं, हे तिचं ठरलं होतं. आई, आता तपासणी थांबवा. एवढंच वाक्य. ते तिच्या तोंडापर्यंत यायचं आणि चहाबरोबर परत जायचं.

नवऱ्याशी ती एकदा बोलली. तो दातांच्या कवळ्या बनवायचा, घराच्या मागच्या खोलीत, आणि बोलायचं असेल तर तिथे जावं लागायचं. तो एका गुलाबी हिरडीला कानशीने आकार देत होता.

"किती चुकतात?" त्याने विचारलं.

"एका पानावर एखादी. कधी दोन. कधी एकही नाही."

"मग सांभाळून घे की. माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येतं, कवळी टोचते म्हणून. मी मोडीत काढतो का? जराशी घासतो, देतो."

"ती तोंडात टोचते म्हणून माणूस परत तरी येतो. कोशातली चूक टोचत नाही. ती वाचणाऱ्याला खरी वाटते."

त्याने कानस खाली ठेवली. "हे बघ. बाबा गेल्यावर आई कशाने उभी राहिली? त्या टेबलाने. रोज दुपारी नीट केस विंचरून तिथे येऊन बसते, शाळेत निघाल्यासारखी. तू तिला काय सांगणार, उद्यापासून विंचरू नका?"

"मी असं म्हणतेय का?"

"तू म्हणत नाहीस. पण तिला तसंच ऐकू येईल." मग जरा नरमून, "सांगायचं तर सांग. पण आत्ता नको. डोळ्याचं ऑपरेशन होऊन जाऊ दे."

डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग थंडी संपू दे, असं ठरलं. थंडी संपली. मग यादीतल्या अर्ध्याहून जास्त संख्या झाल्या होत्या, आता एवढा खंड पुरा होऊ दे. सबबींचं एक बरं असतं, एक संपली की दुसरी दारात उभीच असते.

अशातच पाच कोटी साठ लाख बावन्न हजार तीनशे एकसष्ट ही संख्या आली. ५,६०,५२,३६१. दिसायला काही खास नाही. अंकांची बेरीज अठ्ठावीस, म्हणजे तीनने जाणार नाही. शेवटी एक, म्हणजे दोनने नाही, पाचने नाही. संगणकाने ती मूळ ठरवली आणि सून पुढच्या संख्येकडे वळली.

संगणकाने कसं ठरवलं, ते सांगायला हवं. मोठ्या संख्येला एकेका संख्येने भागत बसायचं नाही म्हणून सुनेने बऱ्याच वर्षांपूर्वी एक झटपट कसोटी लिहून ठेवली होती. दोनला दोनने गुणत जायचं, दिलेल्या संख्येपेक्षा एक कमी इतके दोन गुणाकारात घ्यायचे, आणि जे येईल त्याला त्या संख्येने भागायचं. संख्या दोनाहून मोठी आणि मूळ असेल तर बाकी नेहमी एक उरते. बाकी दुसरी काही आली तर ती मूळ नाही, हे शंभर टक्के. एक आली तर मूळ असणार, हे जवळजवळ नक्की. तीन, पाच आणि सात घेऊनही तेच करून बघायचं. पण त्या 'जवळजवळ'मध्ये काही संयुक्त संख्या लपून बसतात. कुठलीही संख्या घेऊन ही परीक्षा घ्या, घेतलेल्या संख्येला नेमका त्यांच्याच एखाद्या विभाजकाने भाग जात नसेल तर त्या मूळ संख्येसारख्याच उत्तीर्ण होतात. सासूबाई त्यांना तोतये म्हणत. सुनेने पहिल्या खंडाच्या वेळी सगळ्या तोतयांची नावं शोधून प्रोग्रॅममध्ये भरून ठेवली होती, एक कोटीपर्यंतच्या. पहिला खंड तिथेच संपत होता. दुसरा खंड सुरू झाला तेव्हा ती नावं पुढे वाढवायचं तिच्या डोक्यातून निघून गेलं, आणि प्रोग्रॅम मात्र पूर्वीच्याच ऐटीत उत्तरं देत राहिला.

वाचनाला दोघी बसल्या तेव्हा बाहेर कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं.

"मूळ?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

सुनेच्या कागदावर "आहे" होतं. तिने खूण केली.

"न्यून?"

"आहे."

"दोन वर्गांची बेरीज?"

"नाही."

इथेही तिच्याकडे "आहे" होतं, कारण ते पहिल्या उत्तराच्या पाठोपाठ आपोआप येतं. तिने खूण केली. सासूबाईंनी क्षणभर वर बघितलं, पेन्सिल कागदावर टेकवून थांबल्या, मग पान उलटलं. तिला वाटलं, खिळ्याच्या आवाजाने.

पुढच्या आठवड्यात संपादकाचा फोन आला.

"बाई आहेत का?"

"बाजारात गेल्यात. मी बोलतेय."

"वाचलो. म्हणजे, बरं झालं. अहो, ते पाच कोटी साठ लाखवाल्या पानावर दोन वर्गांची जागा मोकळी आहे. बेरीज होते असं लिहिलंय, पण कुठले वर्ग ते नाही. तेवढं पाठवा, पान बंद करून टाकतो."

"लगेच पाठवते," ती म्हणाली.

हे काम किरकोळ होतं. चारने भागून एक बाकी उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि ती जोडी एकच असते. तेरा म्हणजे चार आणि नऊ. एकोणतीस म्हणजे चार आणि पंचवीस. या संख्येचे शेवटचे दोन अंक एकसष्ट, म्हणजे चारने भागल्यावर बाकी एक. जोडी असणारच, फक्त शोधायची. तिने संगणकाला शोधायला लावलं आणि गॅसवर दूध ठेवायला गेली.

परत आली तेव्हा पडद्यावर काहीच नव्हतं. जोडी नाही.

तिने शोधायचा भाग पुन्हा तपासला. तेरावर चालवला, चार आणि नऊ आले. एकोणतीसवर चालवला, आले. शंभराच्या आतल्या सगळ्या चालल्या. पुन्हा मोठ्या संख्येवर चालवला. जोडी नाही. नियम कित्येक शतकं जुना होता आणि त्याला अपवाद नव्हता. ती खुर्चीत मागे टेकून बसली. नियम मोडलेला असणं शक्य नव्हतं. शोध चुकलेला नव्हता. आता एकच गोष्ट उरत होती आणि ती तिला विचारातसुद्धा उच्चारायची नव्हती. दूध उतू गेल्याचा वास आला, तरी ती उठली नाही.

सासूबाई पिशवी घेऊन आत आल्या. "दूध काय फरशीला पाजतेस?" त्यांनी गॅस बंद केला, फडकं शोधलं, आणि मग सुनेचा चेहरा बघून फडकं तसंच हातात धरून उभ्या राहिल्या. "काय झालं?"

"आई, ती पाच कोटी साठ लाखवाली संख्या..."

"दोनशे अकरा," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"दोनशे अकराने जाते. मग चारशे एकवीस आणि सहाशे एकतीस. दोनशे दहाच्या पायऱ्या आहेत बघ, एकीवरून दुसरीवर. किती छान चढत गेल्यात. मी त्या रात्री झोपताना तेच मनात म्हणत होते." त्यांनी फडकं ओट्यावर ठेवलं. "का गं?"

सुनेने भागून बघितलं. दोन लाख पासष्ट हजार सहाशे एक्कावन्न, बाकी शून्य. ते पुन्हा चारशे एकवीसने भागलं. सहाशे एकतीस. मूळ संख्येचं सोंग घेऊन तोतया तिच्यासमोरून गेला होता, आणि ज्या बाईने त्याला ओळखलं होतं तिचं उत्तर ऐकून तिने शांतपणे खूण केली होती.

"माझं 'मूळ आहे' आलं होतं," ती म्हणाली.

सासूबाईंना हे समजायला थोडा वेळ लागला. त्या खुर्ची ओढून बसल्या. टेबलाच्या स्वतःच्या बाजूला नाही, तिच्या शेजारी.

"पण मी 'नाही' म्हटलं होतं."

"हो."

"आणि तू फरक म्हणाली नाहीस."

"नाही."

"मला वाटलं, तुझंही नाहीच आलंय. मी बघितलंसुद्धा तुझ्याकडे. म्हटलं, ही आता म्हणेल काहीतरी. तोतया आहे, हिच्या यंत्राला फसवणार. पण तू गप्प. तर म्हटलं, आमची सूनबाई माझ्यापेक्षा हुशार, तिला आधीच सापडला." त्या जराशा हसल्या, मग हसू तसंच राहिलं आणि मागचं काहीतरी निघून गेलं. "म्हणजे तुला वाटलं मी चुकले."

सुनेने मान डोलावली.

"आणि म्हणून बोलली नाहीस. आणखी कितीदा वाटलंय असं?"

याचं उत्तर द्यायची ती जागा होती. इतके महिने अडकलेलं वाक्य सांगायला याहून नीट जागा मिळाली नसती. पण समोर तिची स्वतःची चूक पडलेली, आणि ज्यांना थांबा म्हणायचं त्याच बरोबर निघालेल्या. "कधी कधी," ती म्हणाली. "यापुढे नाही करणार. दरवेळी म्हणेन."

"म्हणायचंच," सासूबाई म्हणाल्या. "नाही तर मी तिथे काय शोभेला बसते का?"

संध्याकाळी जेवताना घरात जवळजवळ सण असल्यासारखं वातावरण होतं. सासूबाईंनी स्वतःच संपादकाला फोन लावला होता. "काय रे भोपळ्या, छापणार होतास ना तोतयाला सिंहासनावर बसवून?" आणि पलीकडून तो इतका हसला होता, की आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला.

"बघ," नवरा ताटात भाजी वाढून घेत म्हणाला, "संगणक हरला, आई जिंकली. मी म्हणत नव्हतो, आई ठणठणीत आहे? आता तुझ्या त्या यंत्रालाच चष्मा लाव."

"तिला बोलू नको," सासूबाई म्हणाल्या. "पायऱ्या मला सापडल्या, पण वर्गांवरून तिच्या लक्षात आलं. ती वाट माझ्या मनातही आली नसती."

सून हसली आणि जेवली. नवऱ्याने ताटं उचलता उचलता तिच्या खांद्यावर हात ठेवला, सुटलो एकदाचे, असा. तिलाही ते सुटणं हवं होतं. पण प्रयोगशाळेतला एक तराजू तिच्या डोक्यातून जात नव्हता. एका औषधवाल्याचा होता तो. दहापैकी सात वेळा अगदी काटेकोर दाखवायचा. औषधवाला भांडत होता, बघा की, बरोबर दाखवतोय. तिने त्याला समजावलं होतं, की नेहमी पाव ग्रॅम जास्त दाखवणारा तराजू चालतो, पाव ग्रॅम वजा करता येतो. जो कधी बरोबर आणि कधी चूक, आणि आत्ता कुठला हे सांगता येत नाही, तो चालत नाही. तेव्हा हे सांगताना तिला काहीच जड गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई नेहमीपेक्षा लवकर टेबलाशी आल्या. केस नीट विंचरलेले, पेन्सिलीला नवं टोक, शेजारी कोऱ्या कागदांचा गठ्ठा. "आज मला सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "एक फरक गिळलास तर बघ."

यादीत होती १,२३,४५,६७८. गणनयंत्र हातात आलं की कुठलंही मूल पहिल्यांदा जी संख्या दाबतं ती. सुनेला ती बघून बरं वाटलं. सोपी होती, ओळखीची होती. सुनेने या वेळी संगणकाला झटपट कसोटी बंद करून सरळ भागायला लावलं आणि आपलं काम संपवलं. सासूबाईंनी वेळ घेतला. मग वाचन सुरू झालं.

"मूळ?"

"नाही. हे काय विचारणं झालं?"

"नियम तुमचाच आहे. विपुल?"

"आहे."

"वर्गमुक्त?"

"आहे."

सुनेची पेन्सिल कागदावर थांबली. अंकांची बेरीज छत्तीस. छत्तीस नऊने जातात, म्हणजे संख्या नऊने जाते, आणि नऊ हा तीनचा वर्ग. हे बघायला यंत्र लागत नाही, कागदही लागत नाही. सासूबाई पाचवीच्या मुलांना हे बोटांवर करून दाखवत.

"फरक," ती म्हणाली.

"असू दे," म्हणत सासूबाईंनी कोरा कागद ओढला. सुनेनेही घेतला आणि नियमाप्रमाणे पहिल्यापासून केलं. खाली रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"वर्गमुक्त?"

"आहे."

"फरक."

या वेळी सासूबाई खिडकीकडे गेल्या नाहीत. तिथेच बसून, पेन्सिलीचं टोक एकेका अंकावर ठेवत त्यांनी बेरीज केली, आवाज न करता, ओठ हलवत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अंकांची बेरीज छत्तीस," त्या म्हणाल्या. "एवढं तर मोठ्याने म्हणू शकते ना मी?"

"म्हणा."

"मग तीनने जाते."

सुनेने आपला कागद जवळ ओढला.

"तीनने जाते. मग..." पेन्सिल छत्तीसवर गोल फिरत राहिली. एकदा, पुन्हा, तिसऱ्यांदा, कागद जरा फाटेपर्यंत. सून समोर बसून बघत होती. 'नऊ' हा शब्द तिच्या जिभेच्या टोकावर होता, आणि तो न बोलणं हे तिने आजवर केलेल्या कुठल्याही कामापेक्षा अवघड होतं. पण आज तो सांगितला असता तर उद्याचा कोण सांगणार होतं?

सासूबाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"पुढचं दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. घाबरून नाही, तर एखाद्या अवघड गणिताबद्दल सहकाऱ्याला सांगावं तशा. "तिथे काहीतरी आहे हे कळतंय. रोज ज्या दारातून जायचे तेच आहे. पण हात लावला की भिंत लागते." मग फाटलेला कागद बोटाने सपाट करत, "त्या दिवशी दोनशे अकरा दिसले आणि आज हे दिसत नाही. याला काय म्हणायचं?"

"माहीत नाही, आई."

"तुझ्या तराजूंना असं होतं का?"

सून जराशी दचकली. "होतं."

"मग काय करता तुम्ही त्याचं?"

मागच्या खोलीतून कानशीचा बारीक आवाज येत होता. तो थांबला. नवरा ऐकत असावा, किंवा नुसताच दुसरं काहीतरी हातात घेत असावा.

"सांग की," सासूबाई म्हणाल्या. "ऑपरेशनच्या आधीपासून तुझ्या तोंडात काहीतरी अडकलेलं आहे, मला काय दिसत नाही? दूध उतू गेलं त्या दिवशीही बाहेर आलं नाही. मी वाट बघत होते. तू बोलत नाहीस म्हणून मलाही विचारता येत नव्हतं. वर्गात एखाद्याला उत्तर येत असलं आणि तो हात वर करत नसला की मला काय राग यायचा, तुला नाही माहीत." त्यांनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. "सरळ बोल. आडवळणाने सांगितलंस तर मी अर्धं ऐकेन आणि उरलेलं मला हवं तसं लावून घेईन."

सुनेने आपला कागद उलटा करून ठेवला, म्हणजे त्यावरचं उत्तर मध्ये येणार नाही. मग ती सासूबाईंच्या डोळ्यांत बघून, आवाज न चढवता आणि न पाडता म्हणाली, "आई, आजपासून तुम्ही तपासणी करायची नाही. ती बाजू मी दुसऱ्या कुणाला देणार आहे."